इन्सुलिनच्या पुढचा शब्द

"हो, खाल्लं मी. झालं आता समाधान?"

खिडकीपलीकडची बाई नवऱ्याला हे म्हणाली आणि माझ्या हातातली नळी घसरली. पडली नाही. एकतीस वर्षांत माझ्या हातून नळी पडलेली नाही. ही फुशारकी वाटत असेल तर खुशाल वाटू दे, आमच्या लॅबमध्ये कुणालाही विचारा. पण घसरली हे खरं. मुळात त्या खिडकीशी माझं काही काम नव्हतं. माझी खोली आत, कॉरिडॉरच्या टोकाला. रक्त काढणं हे पुढच्या लोकांचं काम. मी आले होते फॉर्मच्या भानगडीसाठी. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'इन्सुलिन रिसेप्टरविरुद्ध अँटीबॉडी', आणि काउंटरवाल्याने कम्प्युटरमध्ये भरलं होतं, 'इन्सुलिनविरुद्ध अँटीबॉडी'. "यादीत तेवढंच आहे मॅडम," तो म्हणाला. "एका शब्दाने काय होतंय?" मी म्हटलं, तुझ्या लग्नपत्रिकेत तुझ्याऐवजी तुझ्या भावाचं नाव छापलं असतं तर काय झालं असतं? एकाच शब्दाचा तर फरक. तो हसला, मीही हसले, आणि नळीवरची चिठ्ठी मी स्वतःच्या हाताने लिहायला घेतली. तेवढ्यात ते वाक्य आलं. शब्द तेच, चालही तीच, एकतीस वर्षांपूर्वी ऐकलेली. शेवटच्या 'समाधान'वर आवाज किंचित वर गेलेला, भांडणाचा नाही, दमलेल्या माणसाचा.

नवरा वाईट नव्हता. प्लास्टिकच्या पिशवीत फाइल, फाइलीत दोन वर्षांचे कागद, डोळ्यांखाली झोप साचलेली. मी पांढरा कोट घातलेला, म्हणजे न्यायाधीशच, असं समजून तो माझ्याकडे वळला. "दिवसाला बाराशे युनिट घेते हो, मॅडम. बाराशे! माझ्या आईला वीस युनिटं पुरायची. आणि हिची साखर चारशेच्या खाली यायला तयार नाही. मग ही खात नाही तर कोण खातं, मी? आणि ती मान बघा. शंभरदा सांगितलं, घास जरा..." बाईची मान खरंच काळवंडली होती, मऊ जाडसर घड्या, जुन्या मखमलीसारख्या. अंगावर मांस नाही, गालफडं बसलेली, आणि मान तेवढी जाड. "मानेला हात लावायचा नाही," मी म्हणाले. एवढ्या जोरात म्हणाले की रांग गप्प झाली. "तो मळ नाही. आजाराची खूण आहे ती. घासून जात नाही." बाईने माझ्याकडे पाहिलं आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं. मी नळी उचलली आणि आत गेले.

आत जाऊन स्टुलावर बसले. मला असं बसायची सवय नाही. कामाच्या वेळी मी उभी असते. पण बसले, आणि डोळ्यांसमोर ताईची मान आली. आमच्या घरातलं बाथरूम, निळसर टाइल्स, त्यातली एक निघालेली, आणि ताई खाली वाकून बसलेली, आई तिच्या मागे उभी. आईच्या हातात कपड्यांचा ब्रश. चोवीस वर्षांची मुलगी, आणि आई तिला सहा वर्षांच्या पोरीसारखी घासते आहे. "लाज नाही वाटत? लोक काय म्हणतील, आईने पोरीला आंघोळ घालायला शिकवलं नाही!" ताई निघालेल्या टाइलच्या जागी बोट फिरवत राहायची. मान लाल व्हायची, मग पुन्हा काळी. मी दाराशी उभी राहून हे पाहिलं आहे, एकदा नाही, कितीतरी रविवारी. मला तेव्हा आईचं वागणं अघोरी वाटलं होतं का? खरं सांगायचं तर नाही. मला वाटायचं, ही इतकी हट्टी का आहे.

दोन वर्षं चाललं ते. आधी सांधे दुखायला लागले, केस गळायला लागले, मग साखर. मग इन्सुलिन, मग अजून इन्सुलिन, मग इतकं की औषधाच्या दुकानदाराने विचारलं, घरात किती जण आजारी आहेत? ताई वाळत चालली आणि साखर वाढत चालली, आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून एक निष्कर्ष काढला: पोरगी चोरून खाते. आधी डबे मोजले गेले. मग साखरेच्या डब्याला कुलूप लागलं. मग तिला दवाखान्यात ठेवलं, नर्सच्या डोळ्यांसमोर, तरी साखर तेवढीच. तेव्हा आई म्हणाली, झाडूवालीला पैसे देऊन मागवत असेल. गादीखाली हात घालून शोधलं आईने. काही सापडलं नाही, तर "चोर तो चोर वर शिरजोर" म्हणून मोकळी झाली. न सापडणं हासुद्धा ताईच्या हुशारीचा पुरावा ठरला. घरात तिचं नाव पडलं मुंगी. बाबांनी पाडलं, थट्टेत. ते चिकटलं. आज माझी मुलं तिला मुंगीमावशी म्हणतात, तिच्या समोर म्हणतात, आणि ती 'काय रे' म्हणून ओ देते.

आणि यात माझा वाटा. तो मी कुणाला सांगितलेला नाही, म्हणजे सगळ्यांना माहीत आहे पण माझा वाटा म्हणून नाही. मी एकवीस वर्षांची, लॅबमध्ये शिकाऊ, नवा कोट, खिशाला दोन पेनं. पुस्तकात वाचलं, की काही जणांच्या शरीरात इन्सुलिनविरुद्धच अँटीबॉडी तयार होतात आणि त्या टोचलेलं इन्सुलिन वाटेतच धरून ठेवतात. मला वाटलं, सापडलं! ताईचं रक्त मी स्वतः काढलं, साहेबांची परवानगी घेऊन तपासणी लावली, आणि उत्तर आलं: नगण्य. कुणाहीकडे असतात तेवढ्या. तो कागद घेऊन मी घरी गेले आणि जेवताना सगळ्यांसमोर वाचून दाखवला. वाचून वर म्हणाले, "रक्त खोटं बोलत नाही, ताई." ते वाक्य मला फार आवडलं होतं, येताना वाटेत दोनदा मनात म्हणून पाहिलं होतं. ताईने घास खाली ठेवला. "रक्त नाही बोलत ना खोटं? मग मी बोलते. हो, खाल्लं मी. झालं आता समाधान?" आईने हुश्श केलं. अक्षरशः हुश्श, जिना चढून आल्यासारखं.

आता जो शब्द काउंटरवाल्याने गाळला तोच मी गाळला होता. इन्सुलिनविरुद्धच्या अँटीबॉडी वेगळ्या आणि इन्सुलिनच्या रिसेप्टरविरुद्धच्या वेगळ्या. इन्सुलिन रक्तातून हिंडत पेशीशी येतं, तिथे त्याची बसायची एक ठरलेली जागा असते, ती म्हणजे रिसेप्टर. ते बसलं की साखर आत जाते. या दुसऱ्या अँटीबॉडी इन्सुलिनला हातही लावत नाहीत. त्या जाऊन जागेवरच बसतात, बसमध्ये रुमाल टाकून जागा धरावी तसं. मग तुम्ही वीस युनिट टोचा की बाराशे, सगळं इन्सुलिन आपलं उभंच. हे तेव्हाही माहीत होतं. माझ्याच पुस्तकात होतं, त्याच धड्यात, पुढच्या पानावर. मी पान उलटलं नव्हतं. एका पानावर मला उत्तर मिळालं आणि मी पुस्तक मिटलं. पुढे कितीतरी वर्षांनी, दुसरंच काहीतरी शोधताना, ते पान समोर आलं. त्या दिवशी मी लॅबमधल्या सगळ्या काचेच्या बाटल्या धुऊन काढल्या होत्या, धुतलेल्यासुद्धा.

डॉक्टरीणबाईंनी फोन केला. "जमेल का हो? बाहेर पाठवलं तर दोन महिने जातील. तिच्याकडे दोन महिने आहेत की नाहीत मला माहीत नाही." मी म्हटलं, जमेल का काय विचारता, उद्या दुपारी चारला या. हे मी उगाच म्हटलं नव्हतं. रिसेप्टर भरपूर असलेल्या पेशी आमच्याकडे वाढत होत्याच, दुसऱ्या कामासाठी. किरणोत्सारी आयोडीनची खूण लावलेलं इन्सुलिन होतं. रिसेप्टर अडवणारी तयार अँटीबॉडी, मुद्दाम बनवून विकतात ती, एक कुपी शिल्लक होती. हे आजारी बाजूचं माप. आणि निरोगी बाजूचं माप म्हणून माझंच रक्त, नेहमीसारखं. मी माझ्या दंडावर पट्टा बांधला, मूठ आवळली, आणि त्याच वेळी मला कळलं की मी उणे ऐंशी अंशांचा फ्रीजर उघडणार आहे.

खालचा कप्पा, डावीकडची पेटी, कोपऱ्यातली कुपी, तेव्हाच्या तपासणीतून उरलेलं ताईचं रक्त. अर्धा मिलिलीटरही नाही. वर फक्त तारीख, शाई फिकटलेली. एकतीस वर्षांत लॅबने तीन फ्रीजर बदलले, एकदा इमारत बदलली. प्रत्येक वेळी ही कुपी माझ्याबरोबर आली. कुणी विचारलं तर म्हणायचे, राहू दे, कामाची आहे. ताईला तर पत्ताच नव्हता. तिचा आजार गेला त्यालाही आता तीस वर्षं होतील. आजचं तिचं रक्त काही सांगणार नाही. जे काय सांगणार ते हे एवढंच, आणि एकदाच. मी कुपी बर्फात ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिले. मला काय हवं होतं? आकडा एका बाजूला गेला तर ताई खरी, आणि मी तिच्या ताटासमोर बसून तिला खोटं पाडलेलं. दुसऱ्या बाजूला गेला तर मी बरोबर, आई बरोबर, बाबांची थट्टा बरोबर, सगळे सुटलो. फक्त ताई खोटी. मी बरोबर असते. ही माझी खोडच आहे, नवरा म्हणतो तुझ्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. आणि त्या दिवशी हातमोजे चढवताना मी आयुष्यात पहिल्यांदा देवाजवळ मागितलं, की मला चूक ठरव.

आणि चूक ठरायचा सोपा रस्ता माझ्या हातातच होता, ही खरी मजा. असं की, ताईच्या त्या रक्तात टोचलेलं इन्सुलिन ठासून भरलेलं. ते धुऊन न काढता तपासणी लावली, तर तेच इन्सुलिन पेशींवरच्या जागा अडवून बसणार, खूण केलेल्या इन्सुलिनला जागा मिळणार नाही, आणि आकडा असा दिसणार की जणू अँटीबॉडी आहेतच. एक पायरी गाळायची. कुणाला कळलं नसतं. घाईत असलेले लोक ही चूक करतातही, आणि मग महिनाभर आनंदात असतात. मी मणी काढले. अँटीबॉडी तेवढ्या धरून ठेवणारे बारीक मणी असतात, बाकी सगळं वाहून जाऊ देतात. नियम तीनदा धुवायचा. त्या बाईच्या नळ्या मी तीनदा धुतल्या. ताईच्या पाचदा. धुताना मला आईची आठवण येत होती, ब्रशची, आणि तरी मी हात थांबवला नाही. ताईला माझ्याकडून फुकटची माफी मिळणार नव्हती. खरी असली तरच मिळणार होती. मग मण्यांवरून अँटीबॉडी सोडवल्या, पेशींवर घातल्या, थंडीत ठेवल्या, आणि वेळेवर घरी गेले. घरी मुलीने विचारलं, आज गप्प का? म्हटलं, कुठे गप्प आहे?

एक गोष्ट मात्र स्वयंपाक करता करता आठवली आणि मला हातातलं ठेवून खुर्चीवर बसावं लागलं. ताईने कबूल केलं त्यानंतर चार-पाच महिन्यांनी ती एका पहाटे उठलीच नाही. घामाने भिजलेली, डोळे अर्धे उघडे. साखर उतरली होती, आणि इन्सुलिन तर आदल्या आठवड्यातच कमी केलेलं. आईने कुलूप काढलं, मी चमचा घेतला, आणि आम्ही दोघींनी तिच्या तोंडात साखर घातली. ती गिळली तिने. त्यानंतर साखर उतरतच गेली, इन्सुलिन बंद झालं, मानेचा काळेपणा गेला. आणि आईला आयुष्यभर पुरेल असा दाखला मिळाला. "खरं बोलली, खाणं सोडलं, आणि बरी झाली. लपवाछपवी केली की रोग बळावतो." पाहुण्यांना सांगायची, ताईच्या सासूला सांगितलं, मरायच्या आधल्या आठवड्यात नर्सला सांगितलं. ताई शेजारी उशी सरळ करत होती. आता मला माहीत आहे काय झालं होतं ते. या अँटीबॉडी कधी कधी आपल्या आपण कमी होतात. आणि कमी झाल्या की याच अँटीबॉडी जागा अडवायचं सोडून इन्सुलिनचंच काम करायला लागतात, म्हणून साखर एकदम कोसळते. म्हणजे बरं होण्याच्या पहाटेलाच आम्ही तिला साखर चारली. दोन वर्षांत तिच्या तोंडात गेलेली ती पहिली साखर असेल, तर ती आम्ही घातली. असेल तर. अजून आकडा यायचा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी नळ्या मोजायच्या यंत्रात ओळीने लावल्या. खूण केलेलं इन्सुलिन पेशींवर जितकं बसेल तितका आकडा मोठा. जागा अडलेली असेल तितका लहान. यंत्र एकेक नळी आत ओढतं, मिनिटभर ठेवतं, कागदावर आकडा टाकतं. माझं रक्त: नऊ हजार एकशे चाळीस. उत्तम, निरोगी आहे मी, चिडकी असले तरी. विकतची अँटीबॉडी: आठशे ऐंशी. म्हणजे तपासणी चालली. त्या बाईची नळी: एक हजार वीस. दुसरी: नऊशे नव्वद. मी मनात म्हटलं, सुटलीस बाई. मग ताईची. ते मिनिट मी यंत्राकडे पाठ करून काढलं, खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर पुसत होतं. कागद सरकल्याचा आवाज आला. एक हजार दोनशे नव्वद. दुसरी नळी, एक हजार तीनशे पस्तीस. मी पट्टी ठेवून ओळ जुळवली, नळीचा नंबर पाहिला, परत पाहिला. शंकेला जागा नव्हती. माझं काम चोख होतं. ताईने काही खाल्लं नव्हतं. मी स्टुलावर बसले आणि रडले, चांगली आवाज करून रडले, आणि रडताना आश्चर्य म्हणजे मला बरंच वाटत होतं.

चारला डॉक्टरीणबाई आल्या. त्या बाईला आणि नवऱ्याला बोलावलं. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, की या अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींना आवरायची औषधं आजच सुरू करू, काही महिने लागतील, पण उतरेल. नवऱ्याने एकच प्रश्न तीनदा विचारला. "म्हणजे ही खात नव्हती?" नव्हती. "अजिबात?" अजिबात नाही. "म्हणजे... खात नव्हती?" मग तो त्या प्लास्टिकच्या पिशवीची गाठ सोडत आणि बांधत बसला. बाई मात्र कागदाकडे बघेचना. मी मुद्दाम आकडा दाखवला, बोट ठेवून दाखवला, हे बघा, एक हजार वीस. तिने "हं" म्हटलं आणि पाणी मिळेल का विचारलं. मला रागच आला थोडा. एवढी जिवापाड मेहनत करून मी तिला निर्दोष ठरवलं, आणि हिचं हं!

ती दोघं गेल्यावर मी फोन घेऊन बाहेर आले. आत सिग्नल मिळत नाही, म्हणून रक्त काढायच्या खिडकीजवळ, रांगेच्या कडेला उभी राहिले. ताई आणि भावजींची लॉन्ड्री आहे. दुपारी ती तिथेच असते. तिने उचलला तेव्हा मागे यंत्रांची घरघर चालली होती.

"काय गं बारके, कामाच्या वेळी?"

"ताई, तू खात नव्हतीस."

"काय?"

"तेव्हा. आजारी होतीस तेव्हा. तू गोड खात नव्हतीस. माझ्याकडे तुझं तेव्हाचं रक्त होतं, ते मी आज तपासलं. तुला अँटीबॉडी होत्या. मी चुकीच्या अँटीबॉडी शोधल्या होत्या, ताई. आकडा आलाय माझ्याकडे."

"माझं रक्त ठेवलंयस? इतकी वर्षं? अगं लोणचं आहे का ते!"

"ताई, ऐक ना. पुरावा आहे. तू खरं बोलत होतीस."

घरघर चालूच होती. कुणीतरी तिला चादरींचं विचारलं, तिने "त्या पलीकडच्या कपाटात" सांगितलं. मग परत फोनवर आली.

"अगं, मला काय सांगतेस?" ती म्हणाली. चिडून नाही, समजूत घातल्यासारखं. "मला माहीतच आहे की. माझ्या तोंडात काय गेलं नि काय नाही, हे मला तुझ्या यंत्राने सांगायचं?"

मला त्या बाईचं 'हं' कळलं. एवढी हुशार मी, आणि दोन दिवस मी एका बातमीच्या मागे धावत होते, जी त्या दोघींना सोडून सगळ्यांना नवी होती.

"मग कबूल का केलंस?"

"दमले होते गं. तुम्ही थांबत नव्हता. आणि खरं सांगू? त्या रविवारी आईने पहिल्यांदा मान घासली नाही. मी म्हटलं, एवढ्यावर भागतंय तर भागू दे."

आई गेली, तिला आता काही सांगता येणार नाही. बाबाही गेले. त्या जेवणाच्या टेबलापाशी जे बसले होते त्यांतली उरलेली मी. रांगेतली माणसं ऐकत नसल्याचं नाटक करत होती.

"चुकलं माझं," मी पुटपुटले.

"आं? काय म्हणालीस? मोठ्याने बोल, ड्रायर चालू आहे."

"चुकलं माझं."

"ऐकू येत नाही गं!"

"चुकलं माझं, ताई!" मी ओरडले. अख्खी रांग वळली. काउंटरवाला उठून उभा राहिला. माझ्या तोंडून हे दोन शब्द त्याने कधी ऐकले नव्हते. "मी खोटं पाडलं तुला! सगळ्यांसमोर! चुकलं माझं!" आणि मग मी ऐकत उभी राहिले. पलीकडे अगदी शांत होतं.

"आलं का ऐकू?" मी विचारलं.

"पहिल्यांदाच आलं होतं," ताई म्हणाली. "ड्रायर मघाशीच बंद झालाय."